बाळंतिणीचा हक्क : गिरणीच्या दारापासून पेण-रोह्याच्या वाडीपर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा इतिहासावर एक लेख असतोच. इतिहास म्हटला की आपल्यापुढे सत्याग्रह, परिषदा आणि मोर्चे येतात. ते यायलाच पाहिजेत. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतलं, त्या जिल्ह्यातली आपण माणसं आहोत. परंतु आणखी एक इतिहास आहे. तो घराच्या मागच्या खोलीत, पडवीच्या कोपऱ्यात, कंदिलाच्या उजेडात घडला. त्याची नोंद ना तलाठ्याच्या दप्तरात आहे, ना शाळेच्या पुस्तकात. तो आहे बाळंतपणाचा इतिहास. आपल्या आया-आज्या कशा बाळंत झाल्या, किती जगल्या, किती गेल्या, आणि जगण्याचा हक्क त्यांना कोणी व कसा मिळवून दिला, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावं म्हणून हा लेखनप्रपंच.

सुईणीचा हात

पेण काय, रोहा काय, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले हे तालुके. जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झालं. एका अंगाला खाडी आणि खारजमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि जंगल. आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकूर आणि आपल्या बौद्धवाड्या, असा हा मुलूख. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की वाडीचा गावाशी संबंध तुटायचा. अशा ठिकाणी बाईला कळा सुरू झाल्या की डॉक्टर कुठला? सुईणच सगळं काही.

आता या सुईणीची गंमत बघा. आपल्या देशात बऱ्याच भागांत नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताचे कपडे धुणं ही कामं विटाळाची मानली गेली. म्हणून ती खालच्या समजल्या गेलेल्या जातींच्या बायकांच्या अंगावर टाकली गेली. म्हणजे बाळाला या जगातला पहिला स्पर्श व्हायचा तो अस्पृश्य हाताचा. बाळ बाहेर येईपर्यंत तो हात चालायचा. सोयर फिटलं, घर सारवलं, की त्याच हाताने ओटीवरचं भांडंसुद्धा शिवायचं नाही! माणसाच्या जन्माइतकी पवित्र गोष्ट ज्यांनी विटाळ ठरवली, त्यांनी आई आणि सुईण दोघींनाही एकाच दोरीने बांधलं होतं.

सुईणीकडे ज्ञान नव्हतं असं कोणी म्हणू नये. ती रात्ररात्र बसून धीर द्यायची, घाई करायची नाही, कळा ओळखायची, बाळंतिणीला शेक-शेगडी करायची. पण तिच्या ज्ञानाला हद्द होती आणि ती हद्द ओलांडायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. बाळ आडवं आलं, वार पडली नाही, रक्त थांबेना, झटके यायला लागले, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप भरला, की सगळे देवाला हात जोडायचे. याला कोणी बाहेरची बाधा म्हणायचं, कोणी नशीब.

ते नशीब नव्हतं. बाळंतज्वराचं कारण युरोपात १८४७ सालीच हाती लागलं होतं. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बघितलं की, प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येणारे डॉक्टरच मरण घेऊन येतात. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मरणारणी बायकांची संख्या झपाट्याने खाली आली. शिकलेल्या डॉक्टरांनीही त्याचं म्हणणं आधी मानलं नाही. तेव्हा अडाणीपणा फक्त सुईणीचा होता असं समजायचं कारण नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावणं, ही पाच स्वच्छतेची साधी शिकवण आपल्या खेड्यांतल्या दाईपर्यंत पोचायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं गेली. शोध लागणं वेगळं आणि तो गरिबाच्या झोपडीत पोचणं वेगळं.

पहिली दारं

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिला हात घातला तो महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाईंनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा बाईने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल मारू नये. ही नुसती दया नव्हती. कुठल्याही बाईच्या बाळंतपणाला लाज चिकटवायची नाही, हा त्यातला विचार होता.

कल्याणच्या आणि काही काळ अलिबागला राहिलेल्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. त्यातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. ब्राह्मणाच्या घरात ही अवस्था, तर आपल्या वाड्यांत काय असेल याचा विचार करा.

गिरणीतली आई

आता गिरणीकडे वळू. या लेखकाचं आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेलं, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या कोकणच्या आणि घाटावरच्या माणसांच्या जोरावर. त्यात बायकाही होत्या. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायकाच जास्त, आणि त्यांच्यावर नायकीण. पोटुशी बाई शेवटच्या दिवसांपर्यंत उभी राहून काम करायची, कारण रजा म्हणजे पगार बंद, आणि परत जागा मिळेल याची खात्री नाही. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करवली. त्यात दिसलं की बाई कामावर जाताना तान्हं मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी देते, आणि हा प्रकार एकदोन घरांत नव्हे तर सरसकट चालतो. आईचं दूध गिरणीच्या भिंतीआड आणि बाळ चाळीच्या खोलीत गुंगीत.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भकं दगावल्याची सरकारी नोंद आहे. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. यात एक गोम आहे, ती आपल्या कोकणाशी संबंधित आहे म्हणून सांगतो. पुष्कळ कामगार बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद गावाकडे, आणि बाळ घेऊन परत चाळीत आल्यावर ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे मुंबईचा आकडा फुगलेला होता. पण त्यातून उलटी गोष्टही कळते. मुंबईच्या गिरणीच्या मजुरीचा बाळंतपणाचा खर्च कोकणातलं माहेर सोसत होतं. मालकाला कापड मिळालं, आणि बाईला वर काढायचं काम पडलं गावच्या सुईणीवर व आईवर. १९२६ मध्ये परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, तेव्हा गिरणगावच्या बायकांना पहिल्यांदा जवळ मोठं इस्पितळ मिळालं. पण इस्पितळ असून उपयोग काय, जर खाडा केला की चूल विझत असेल?

बाबासाहेबांचं म्हणणं

याच प्रश्नावर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात उभे राहिले. तारीख २८ जुलै १९२८. कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्याआधी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असा प्रयत्न करून पाहिला होता, तो फसला होता. मालकांची बाजू अशी की, हा बोजा धंद्याने का सोसावा? बाबासाहेबांनी सांगितलं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून यातला मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण म्हणून मालक सुटत नाही. ज्याला बाईच्या श्रमाचा फायदा मिळतो त्याने तिच्या त्या दिवसांची जबाबदारीही घेतली पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्याचा मॅटर्निटी बेनिफिट कायदा झाला. असा कायदा देशात पहिलाच.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घेतला पाहिजे. तोपर्यंत बाळंतिणीसाठी जे काही होत होतं ते दान होतं. शेठजींनी इस्पितळ बांधलं, राणीच्या नावे फंड निघाला. या कायद्याने ते हक्काच्या भाषेत आलं. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, तर हक्काचा दावा लावता येतो.

बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. मूल कधी व्हावं आणि किती व्हावीत हे ठरवण्याचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. निकाल विरुद्ध गेला, पण सगळे ज्याला चारचौघांत नाव घ्यायला लाजत होते त्याच्या बाजूने आपला नेता उभा राहिला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. ते भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. नको असताना लादलेलं बाळंतपण बाईच्या जिवावर बेतू शकतं, हा त्यातला कणा होता. ठराव बहुमताने पडला. ज्यांनी तो पाडला, त्यांच्याच वारसांना वीस वर्षांच्या आत कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण करावं लागलं! २० जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेतही बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना उघडपणे सांगितलं की, जास्त मुलं होऊ देऊ नका. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी सुधारणा आणल्या. आणि शेवटी संविधानात कलम ४२ आलं. कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद राज्याने करावी, असं ते सांगतं.

परंतु १९२९ चा कायदा कारखान्यापुरता होता. म्हणजे गिरणीच्या दारात तो थांबला. पेणच्या खारजमिनीवर लावणी करणारी, मिठागरावर राबणारी, रोह्याच्या जंगलातून मोळी आणणारी बाई त्या दाराबाहेरच राहिली. तिच्यापर्यंत तो कसा पोचतो, हाच पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न आहे.

दवाखाना आला, पण

१९४६ सालच्या भोर समितीने सांगितलं होतं की, या देशात बाळंतपणाच्या कारणाने दरवर्षी सुमारे दोन लाख बायका मरतात. त्यांच्याच शिफारशीतून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली आणि १९५२ पासून केंद्रं निघू लागली. आजच्या नियमाप्रमाणे सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, आणि त्याखाली पाच किंवा तीन हजारांमागे एक उपकेंद्र असावं लागतं. उपकेंद्राची नर्सबाई म्हणजे वाडीवर येणारं पहिलं सरकार. धनुर्वाताची सुई, लोहाच्या गोळ्या, वजन, पोटाची तपासणी, सगळं तिच्या पिशवीत.

१९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. त्याआधी नको असलेल्या गर्भासाठी काड्या-मुळ्या घालून कित्येक बायकांनी जीव गमावले. आज २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात कायदेशीर आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही परिस्थितीत ती मुदत २४ आठवड्यांवर नेली आहे. तरी आजही वस्तीत विचारा, अर्ध्या लोकांना तो गुन्हाच वाटतो.

दुसरीकडे आणीबाणीत, १९७५ ते ७७ मध्ये, नसबंदीची जबरदस्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. बाबासाहेब सांगत होते तो बाईचा निर्णय होता. सरकारने त्याचं टार्गेट करून टाकलं. त्याचा परिणाम असा की पुरुष पळाले आणि सगळी शस्त्रक्रिया बायकांच्या पोटावर आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली दिसते, पुरुषांची शंभरात एकही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, टाका न घालताही होणारी. ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या पुरुषांनी मनावर घ्यावी, एवढंच म्हणतो.

आपल्याच जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला, तोही विसरू नये. अलिबाग तालुक्यात मांडव्याला डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७० च्या दशकात गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. अक्षर फारसं न येणाऱ्या बायका गरोदर बाईची जोखीम ओळखू लागल्या, औषधं देऊ लागल्या. पुढे स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे ते काम तिथे थांबलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं, आणि तिथल्या आरोग्यसेविकांत दलित बायका पुढे होत्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागला. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली दाखवलं की तपासलेल्या दोन गावांतल्या शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे, आणि त्यातल्या बहुतेकींनी तो कधी दाखवलाच नव्हता. सीमाभागात बेळगाव जिल्ह्यात नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचं प्रमाण शंभरात १२ वरून सहाच्या आसपास आलं. २००६ साली ते जगापुढे आलं. यातून एक सिद्ध झालं. गरिबाच्या बाईला वाचवायला दर वेळी मोठं मशीन लागत नाही. वेळेवर पोचलेला शिकवलेला हात लागतो.

तीन उशीर

या विषयातले जाणकार सांगतात की बाळंतीण दगावते ती तीन उशिरांमुळे. घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. अतिरक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. हे गणित पेण-रोह्यावर मांडून बघा. दोन्ही गावी उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. हमरस्त्यावरच्या गावाला हे जमतं. पण डोंगरावरच्या आदिवासी वाडीतून बाईला झोळी करून खाली उतरवल्याच्या बातम्या पेण तालुक्यातून अगदी अलीकडच्या वर्षांतही वर्तमानपत्रांत आल्या. झोळी दोन तास घेते, तेव्हा खाली उभी असलेली १०८ ची गाडी काय करील?

सुधारणा झाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २००५ साली जननी सुरक्षा योजना आणि आशाताई आल्या. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत झालं. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ झाला. त्या वेळी देशाचा आकडा ९७ होता. याच पाहणीच्या काळात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली.

पण उरलेल्या पाच कोण? त्यात दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जाणारं कातकरी जोडपं आहे. बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत, बाई परक्या तालुक्यातल्या भट्टीवर. इथली आशा म्हणते ती आमच्याकडे नाही, तिथली म्हणते ती आमची नाही. मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये कागदपत्रांत अडकतात. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, भट्टीवरची बाई आठव्या महिन्यातही विटा थापते. १९२१ साली जे गिरणीत चाललं होतं, जन्म एकीकडे, मरण दुसरीकडे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, तेच आज भट्टीवर चाललं आहे. कायदा अजून दारातच उभा आहे.

आपलं काम

आपल्या वस्तीतल्या सुना आता दवाखान्यात बाळंत होतात, म्हणून आपलं काम संपलं असं समजू नये. आपल्या घरातही अर्ध्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, कारण ती शेवटी जेवते. हे तर घरातच सुधारता येईल, त्याला सरकार लागत नाही. विहारात महिला मंडळाने गरोदर बहिणींची यादी ठेवावी, कोणाकडे रात्री गाडी आहे, कोणाचा कुठला रक्तगट, हे फळ्यावर लिहावं. धोक्याच्या खुणा, म्हणजे रक्त जाणं, झटके, तोंडा-हातावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, या पुरुषांनाही पाठ असाव्यात. कारण पहिला उशीर बहुधा घरातल्या पुरुषाच्या होकारासाठीच होतो. आणि जवळच्या भट्टीवर जी बाई आली असेल, ती कोणत्याही जातीची असो, तिची नोंद इथल्या उपकेंद्रात करून द्यावी. नर्सबाईला पाठवायला अर्ज लागत असेल तर तो आपण लिहावा. लिहिता येणाऱ्याने दुसऱ्यासाठी अर्ज लिहिणं, हे आपल्या चळवळीचं जुनं काम आहे.

ज्या सुईणींनी आपल्या तीन-चार पिढ्यांना हातावर झेललं, त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. आपल्या वस्तीतल्या वयोवृद्ध बायकांना विचारून त्यांची नावं तरी लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत एक पान त्यांच्यासाठी ठेवता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!